माकडताप एकाच घरात चौघांना : माणसाकडून माणसाला लागतो का?

काजूवाली, दोडामार्ग
नमस्कार. मार्चमध्ये आमच्या घरात चौघांना माकडताप (गोचिडीतून येणारा ताप) झाला. भाऊ, वहिनी आणि मी 3 ते 5 तारखेदरम्यान तापलो, आई 9 तारखेला. चौघांचंही रक्त पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणतात, हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. आम्ही तिघं रोज काजूच्या बिया वेचायला बागेत, ते समजलं. पण आई गुडघ्यांमुळे अंगणाबाहेर पडत नाही. तिला आमच्याकडूनच लागला असं वाडीत बोलतात. आता आमच्याकडे पाणी प्यायलाही कुणी येत नाही. खरं काय समजायचं?

निवृत्त आरोग्यसेवक
ताई, आधी आईला जपा. या तापात बरं वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा उलटू शकतो.

एका घरात चौघे पडले म्हणजे एकाने दुसऱ्याला दिला, असं नव्हे. घरातल्या माणसांची विहीर एक, बाग एक, गोठाही एकच. आईची तारीख मात्र अडचणीची आहे. गोचीड चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येतो, म्हणजे तुमच्याकडून लागला असता तरी 9 तारीख बसलीच असती. तेव्हा तारखेवर थांबू नका.

वही घ्या. वाडीतले बागेत जाणारे किती, त्यातले आजारी किती? न जाणारे किती, त्यातले आजारी किती? नुसते आजारी मोजून काही कळत नाही, धडधाकट राहिलेलेही मोजायला हवेत. तुमच्या उशाशी कोण बसलं होतं? आणि हे नक्की विचारा : त्या दिवसांत बागेतला पातेरा (गळलेला वाळका पाला) घरी आणला होता का?

काजूवाली, दोडामार्ग
काका, मोजलं. बागेत जाणारे 14, त्यातले 5 आजारी (आम्ही तिघं आणि शेजारचे दोघे). न जाणारे 23, आजारी फक्त आई. आमच्या उशाशी बाबा आणि माझी मुलगी रात्रंदिवस होती, दोघांना काही नाही.

पातेरा भावाने 2 तारखेला पाच गोणी आणला. 3 तारखेला गोठ्यात गुरांखाली आईनेच अंथरला, हातांनी.

निवृत्त आरोग्यसेवक
3 ते 9, सहा दिवस. आई बागेत गेली नाही, बागच गोठ्यात आली. पातेऱ्यातलीच गोचीड चावली हे कुणी शपथेवर सांगणार नाही, पण तुमचे आकडे त्याच बाजूला बोट दाखवतात : जाणाऱ्यांत शंभरी 36, न जाणाऱ्यांत 4, आणि सेवा करणाऱ्यांत एकही नाही. वाडीतल्या लोकांना हे आकडे वाचून दाखवा. घाबरलेल्या माणसाला नुसतं ‘लागत नाही’ म्हणून पटत नाही.

1957 साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा आधी पीतज्वराची शंका आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला आणि निघाला गोचिडांतला नवाच विषाणू, तोच या माकडतापाचा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळतात, म्हणून त्या जागेभोवती 50 फूट कीटकनाशक पावडर मारतात.

सत्तरीकर
आमच्याकडे गोव्यात 2015 मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात हेच. काजूचा हंगाम आणि ताप एकाच वेळी. बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता लगेच कळवा, ही विनंती.

काजूवाली, दोडामार्ग
आज संध्याकाळी वाडीत वही घेऊन बसते. गोठ्यात अजून दोन गोणी भरलेल्या आहेत. जाळून टाकू?

निवृत्त आरोग्यसेवक
हात लावू नका, गोण्या हलवूही नका. मुलांना गोठ्यापासून दूर ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा उपकेंद्रात सांगा.