मेणाच्या सिलिंडरवरची लोकगीतं: मूळ पट्टी कशी शोधतात?

कणसूर
शंभर वर्षांपूर्वीच्या लोकगीत-संग्राहकांची सिलिंडरं (फोनोग्राफ यंत्रावर आवाज कोरलेली मेणाची नळकांडी) आता डिजिटल रूपात ऐकायला मिळतात. पण एकाच सिलिंडरच्या दोन प्रती मिळाल्या तर एकीत बाई काळी चारमध्ये गाते, दुसरीत पांढरी तीनमध्ये. घोळ वेगाचा आहे हे उघड आहे, पण खरा वेग ठरवतात कसा? हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक याने आपल्या संग्रहातल्या गाण्यांचं स्वरलेखन करून ठेवलंय, त्याच्याशी ताडून पाहिलं तर चालेल का? आणि शंका असेल तर मूळ मेण पुन्हा का वाजवत नाहीत?

जुनी_तबकडी
बाजारातली सिलिंडरं मिनिटाला 160 फेऱ्यांची. इंचाला 100 चऱ्या, लांबी साधारण चार इंच, म्हणजे जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. गावात गाणारी बाई दोन मिनिटांत थोडीच थांबते! मग संग्राहक वेगाचा स्क्रू पिळून फेऱ्या कमी करायचे. 120 वर आणलं की त्याच मेणात 40 सेकंद जास्त मिळतात, मात्र उंच सुरांतले बारकावे बोथट होतात. किती पिळला हे फार थोड्यांनी लिहून ठेवलं. 150 वर भरलेलं सिलिंडर 160 ला वाजवलं की गाणं एका पट्टीहून (पेटीच्या एका लगतच्या सुराहून) थोडं जास्त चढतं.

बर्लिनच्या फोनोग्राम-आर्काइव्ह या ध्वनिसंग्रहाने (1900 पासून) यावर सरळ तोडगा काढला. मोहिमेवर जाणाऱ्याला 435 हर्ट्झची सूरशिट्टी द्यायची आणि गाण्याआधी ती फोनोग्राफच्या कर्ण्यात फुंकायला सांगायचं. शिट्टी असेल तर काम दोन मिनिटांचं. समजा 160 ला वाजवल्यावर ती 410 हर्ट्झ भरली. 435 भागिले 410 म्हणजे 1.061, गुणिले 160, म्हणजे सुमारे 170 फेऱ्या हा खरा वेग. मोजताना शिट्टीचा मधला, स्थिर भाग घ्या. फुंकर सुरू होताना आणि संपताना सूर हलतो.

तीनतार
बार्टोकच्या कागदावरून वेग काढू नका, हमखास फसाल. त्याचा सहकारी संगीतकार कोदाय आणि तो 1905-06 पासून गावोगाव फिरले (हंगेरीत गाणी टिपायला फोनोग्राफ त्यांच्या आधी बेला विकार या संग्राहकाने नेला होता). चाली एकमेकींशी ताडून बघता याव्यात म्हणून त्या सगळ्या शेवटी 'जी' या एकाच स्वरावर येतील अशा बेताने लिहिल्या आहेत. आपण सगळ्यांना एकच सा धरून लिहावं, तसं. त्यामुळे गायकाची मूळ पट्टी त्या ओळींत सापडत नाही. त्या लेखनाची ताकद वेगळीच आहे: सिलिंडर हळू फिरवून त्याने हरकतीतला कण न् कण टिपला.

शिट्टी नसेल तर संग्राहकाचं बोलणं शोधा. सुरुवातीला तो गावाचं आणि गायकाचं नाव सांगतो. त्याच माणसाचा आवाज शिट्टी असलेल्या दुसऱ्या सिलिंडरवर असेल तर दोन्हींतला लांब 'आ' शेजारी ठेवून ऐका. बोलण्याची उंची मूडप्रमाणे बदलते, 'आ'चा घाट फारसा बदलत नाही. बासरी किंवा मशकवाद्यावर विसंबू नका, ती गावागणिक वेगळी.

गाणं जाता जाता उतरत असेल तर लगेच सपाट करायला धावू नका. चावी सैल होत गेली की भरताना फिरकी मंदावते, आणि तसं सिलिंडर एकाच वेगाने वाजवलं की सूर वर चढत जातो. उतरणारा सूर बहुधा गाणाऱ्याचाच असतो. संगीतकार पर्सी ग्रेंजरने 1906 पासून इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ वापरला तो कडव्याकडव्यातले असे फरक पकडण्यासाठीच. संगणकावर ते पुसून टाकणं म्हणजे त्याची सगळी मेहनत पाण्यात घालणं.

मेणबत्ती
मूळ मेण का वाजवत नाहीत? एक तर दर वेळी सुई थोडं मेण खरवडते. दुसरं, बुरशी. ती मेणच खाते, पांढरे डाग पुसले तरी खालचे खड्डे राहतात आणि ऐकताना दर फेरीला 'खर्र' येतं. बोटांच्या उबेनेही तडा जातो, म्हणून सिलिंडर बाहेरून धरत नाहीत. दोन बोटं आत घालून हलकेच फाकवतात. तडा गेलेलं असेल तर सुई टेकवायचीच नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेबर यांच्या चमूने चरीचा प्रकाशाने नकाशा घेऊन आवाज काढायची पद्धत बसवली, ती अशांसाठीच.

शिवाय बर्लिनच्या बाबतीत 'मूळ' म्हणजे काय हाच प्रश्न आहे. तिथे मेणावर तांब्याचा थर चढवून साचा करत, त्यात मूळ सिलिंडर नष्ट होई. पुढच्या प्रती साच्यातून ओतलेल्या. ओतीव मेण थंड होताना आकसतं, पण त्याने पट्टी बदलत नाही, कारण फेऱ्या तेवढ्याच राहतात.

नवी प्रत करताना 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, एकच वाहिनी (तासाला साधारण एक जीबी). न सुधारलेली फाइल तशीच ठेवा, किती फेऱ्यांवर वाजवलं ते तिच्या नोंदीत लिहा. वेग सुधारलेली प्रत वेगळी. तुमच्या दोन प्रतींत चार पट्ट्यांचा फरक आहे तो बहुधा ही नोंद नसल्यामुळेच.

कणसूर
आभार. हेच गणित आपल्याकडच्या जुन्या कॅसेटला लागू पडेल का? ओव्या, भारुडं वगैरे.

जुनी_तबकडी
पडेल, पण शिट्टी कोणी फुंकलेली नसते. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत, ध्वनिमुद्रण 120 तासांच्या आसपास. म्हणजे बहुतेक ओव्या कागदावरच. प्रत्येक ओवीसोबत गाव आणि गाणारीचं नाव असल्यामुळे तो संग्रह वापरता येतो. तुमच्या कॅसेटच्या लेबलावर निदान एवढं लिहिलंय का, ते आधी बघा.

वेगासाठी विजेची घरघर शोधा. रेकॉर्डर विजेवर लावलेला असेल तर संगणकावर आवाजाचा आलेख काढल्यावर 50, 100, 150 हर्ट्झला रेघा दिसतात. 50 ची रेघ 53 ला दिसली तर कॅसेट सहा टक्के जलद वाजतेय. पण 1990 च्या दशकात आपली वीज 50 ला टिकून नसायची, 48.5 असेल तर तुमचं उत्तर अर्ध्या पट्टीने चुकेल. सेलवर चाललेल्या रेकॉर्डरला घरघरही नसते. सेल उतरत गेले असतील तर वाजवताना गाणं शेवटाकडे चढत जातं.