लाईन म्हणजे नक्की कुठली? तुमचे किस्से टाका

काल फोनवर बोलता बोलता म्हटलं, "आला एकदाचा पोरगा लाईनीवर", तर अमेरिकेहून आलेली भाची विचारते, मामा, दुसऱ्या फोनवर आहे का तो? हसलो, मग डिक्शनरी उघडून बसलो. मूळ म्हणे लॅटिन, जवसाच्या धाग्याची दोरी (हो, तेच जवस, चटणीचं). आपल्याकडे ओळ, रेघ, रांग, तार सगळे वेगवेगळे शब्द असताना आपण एका लाईनवर भागवतो. तुमच्याकडची लाईन कुठली?

—

मी पेपरवाला होतो, पुण्यात, कॉलेजला असताना. पहाटे साडेचारला फुटपाथवर बसून पुरवण्या भरायच्या, बोटं शाईनं काळी, मग सायकलवर लाईन टाकायची. बारावीला सरांनी विचारलं, पुढे कुठल्या लाईनला जाणार? मी अर्धवट झोपेत, म्हटलं, सदाशिव पेठ सर, नव्वद पेपर. अख्खा वर्ग हसला, सर पण हसले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पेपर माझ्याकडे लागला.

—

आमच्याकडं लाईन म्हणजे मोटरीची थ्री फेज वीज, दुसरं काय! एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मुंबईचा मेव्हणा पहिल्यांदा राहायला आलेला तेव्हा रात्रीची होती, गव्हाला पाणी द्यायचं होतं. दीडच्या सुमाराला भाऊ ओरडला, आली रे लाईन, आम्ही बॅटऱ्या घेऊन पळालो, तर हा बूट घालून बॅग घेऊन दारात उभा. त्याला वाटलं गाडी आली. मग त्यालाच नेला दारं धरायला, म्हणजे वाफ्यात पाणी वळवायला. अर्धा तास मोटर चालली असेल नसेल, डीपीवर फ्यूज उडाला, लाईनमनचा फोन बंद. हा चिखलात उभा राहून म्हणतो, दाजी, आमच्याकडं निदान अनाउन्समेंट तरी करतात.

—

वरच्या मेव्हण्याची बाजू घेतो 😄 मुंबईत माणसाची जातपात नंतर, आधी लाईन विचारतात. मी हार्बरचा. हार्बर म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जी दया येते ना, ती बघून मी प्रत्येकाला ऐकवतो की बाबा, देशातली पहिली विजेची गाडी आमच्या लाईनवर धावली, ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला. फरक काही पडत नाही, सीएसएमटीला जायला वेळ तेवढाच लागतो.

—

बाबा हवालदार, त्यामुळे आम्ही पोलीस लाईनमध्ये. इंग्रजांच्या काळात शिपायांच्या खोल्या ओळीनं बांधायचे, त्याच लाईन्स. कॉलेजात पहिल्याच दिवशी मी सांगितलं, मी लाईनमधली, तर मागच्या बाकावर खुसखुस. कुठली लाईन ते कळल्यावर मात्र तीन वर्षं त्या बाकावरून कुणी माझ्यावर लाईन मारली नाही, ही तक्रार आहे की काय ते मलाही माहीत नाही.

—

आमची आजी. रेशनच्या दुकानापुढे ही गर्दी, तिचे गुडघे दुखत होते, तर भर रस्त्यात मला, वय वर्षे एकोणीस, समोर शेजारच्या काकू आणि त्यांची मुलगी, खणखणीत आवाजात म्हणते, "मी बसते पायरीवर, तू जरा लाईन मारून घे तोवर!"