मदत हवी आहे : ऑस्ट्रेलियाच्या 'हाय कोर्ट'साठी मराठी प्रतिशब्द

कॅनबेऱ्याला येणाऱ्या मराठी ज्येष्ठांसाठी मी बर्ली ग्रिफिन तलावाकाठच्या हाय कोर्टाच्या इमारतीविषयी एक पानी माहितीपत्रक लिहीत आहे. 1980 साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या, सुमारे 40 मीटर उंचीच्या या काँक्रीट आणि काचेच्या वास्तूचे वर्णन जमले आहे. अडचण नावाची आहे.

हे त्या देशाचे सर्वांत वरचे न्यायालय असून 'सुप्रीम कोर्ट' हे नाव तिथे राज्यांच्या, म्हणजे त्याच्या खालच्या, न्यायालयांना आहे (आपल्या नेमके उलट). 'उच्च न्यायालय' लिहिले तेव्हा कच्चा मसुदा वाचणाऱ्या दोघांनी मुंबईसारखे प्रांतिक न्यायालय समजून घेतले; 'सर्वोच्च न्यायालय' लिहावे, तर न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाला काय म्हणायचे, हा प्रश्न उरतो. मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क मान्य करणाऱ्या 1992 च्या माबो निकालाचा उल्लेख करायचा असल्यामुळे न्यायालयाची पायरी स्पष्ट होणे आवश्यक आहे. तळटीपेला जागा नाही आणि रोमन लिपी वापरायची नाही.

अशा स्थितीत 'हाय कोर्ट' हे विशेषनाम तसेच ठेवून पहिल्याच वाक्यात खुलासा करावा, की कायदेविषयक मराठी लेखनात यासाठी एखादा रुळलेला शब्द आहे?