पियानो ट्यूनर कसा निवडायचा? तातडीने मदत हवी आहे

मुक्ता_पी: घरी जुना पियानो आहे, लेकीची परीक्षा तोंडावर आलीय. दोन ट्यूनर येऊन गेले. एक म्हणतो एका बैठकीत लावून देतो. दुसरा म्हणतो दोनदा यावं लागेल, पैसेही जवळजवळ दुप्पट. खरा जाणकार कोण, कसं ओळखायचं? लवकर सांगा.

सदूभाऊ: गाव कुठलं? उभा की ग्रँड? शेवटचा कधी लावला होता?

सूरपेटी: पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. आमच्या पेटीचे सूर त्याने घासून तासाभरात जुळवले.

रेवा_दादर: पेटीत पितळी सूर असतात हो. पियानोत दोनशेच्या वर तारा, सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टन. पेटीवाल्याला हात लावू देऊ नका.

मुक्ता_पी: पुणे. उभा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे 12 वर्षं, कुणी लावलेला नाही. मोबाइलवर मधला 'ए' सूर 440 हर्ट्झऐवजी 420 दाखवतो.

सदूभाऊ: हे आधी सांगायचंत ना! अर्ध्या स्वराच्या जवळपास उतरलाय. एवढा चढवताना पुढच्या तारा ताणल्या की आधी लावलेल्या उतरतात. म्हणून आधी ढोबळ चढवायचा, मग नेमका लावायचा. दुसरा बरोबर सांगतोय. गंजकी तार तुटू शकते, हे बोलला का?

अनिकेत७: डिजिटल घ्या. पावसाळ्याची कटकट नाही.

रेवा_दादर: त्यांनी ते विचारलंय का? मुक्ता, दोघांना एकच विचारा: खुंटी सैल निघाली तर काय करता? आमच्याकडे एकाने खुंट्यांवर तेलाचा फवारा मारला. लाकूड तेल प्यायलं, खुंट्या धरेनाशाच झाल्या. जाणकार माणूस जाड खुंटी घालतो. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात; आता जे येतात ते फेल्टची पट्टी खोचून बाजूच्या तारा गप्प करतात, आधी मधली तार लावतात, मग बाजूची एकेक सोडून दोघींच्या फरकाचं 'वाँव वाँव' थांबेपर्यंत पाना हलवतात.

अनिकेत७: ॲपवर सगळं दिसतं हल्ली.

सदूभाऊ: ॲप सूर दाखवेल, खुंटी धरते का ते हातालाच कळतं. आणि परीक्षा केंद्रावर आहे ना? तिथे पियानो असेलच.

मुक्ता_पी: केंद्रावरच. पण तिथे सराव करून आली ती रडतच. घरचे सूर कानात, तिथे सगळं वर वाजतं. दुसऱ्याने पाना लावून तीन खुंट्या सैल दाखवल्या होत्या, तार तुटेल हेही बोलला होता. पहिल्याने झाकणही उघडलं नाही. परीक्षा नऊ दिवसांवर आहे.

रेवा_दादर: मग आत्ताच फोन करा. पहिल्या फेरीनंतर थोडा उतरेल, घाबरू नका. दुसरी परीक्षेच्या दोन दिवस आधी ठेवा.