खोकला रेंगाळला म्हणून लगेच डॉक्टर बदलायचा?

चिडकी_आई:
काल इथे एकाने लिहिलं, 'सर्दी जाऊन आठवडा झाला तरी पोर खोकतंय तर डॉक्टर बदला, स्ट्राँग सिरप मागा'. डोकंच फिरलं. अहो सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतोच! माझी चार वर्षांची लेक १९ दिवस खोकत होती, पण ताप नाही, खातेय, उड्या मारतेय, मग कशाला बाटल्या ओतायच्या? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याची पोरं कोल्ड्रिफ हे खोकल्याचं सिरप पिऊन दगावली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, विसरलात? आम्ही झोपताना अर्धा चमचा मध दिला, बास.

ठाणेकर:
मीच तो. रात्री दोनला पोरगं खोकून खोकून अंथरुणात ओकतं ना, तेव्हा हे ज्ञान सुचत नाही. आणि एका भेसळीवरून सगळी सिरपं विष?

चिडकी_आई:
सगळी नाही हो. पण दोन वर्षांखाली देऊच नका असं तेव्हा केंद्राने पण सांगितलं.

साताऱ्याची_आजी:
सिरपं नव्हती तेव्हा पोरं जगली नाहीत का? अडुळसा, ज्येष्ठमध. आमच्या तिघांना तर जन्मल्याबरोबर मध चाटवला.

गोळीवाला:
आजी, रागावू नका, पण वर्षाच्या आत मध अजिबात नाही. बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा जीवघेणा आजार, होऊ शकतो.

साताऱ्याची_आजी:
माझी तिन्ही धडधाकट आहेत, एक फौजेत आहे!

कोथरूडकर:
मध मध करताय, पण खरा मिळतो कुठे? आमची बाटली थंडीत थिजून साखर झाली. भेसळच.

साताऱ्याची_आजी:
थिजतो तो खोटा, हे कोणी सांगितलं? महाबळेश्वराकडचा आमचा पण थिजतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

कोथरूडकर:
काडी पेटवून बघा, खरा असेल तर पेटतो.

गोळीवाला:
काडीने काहीही कळत नाही! लॅबला चकवणारी साखरेची पाकं आहेत बाजारात, तुमची काडी काय ओळखणार?

ठाणेकर:
खोकल्याचा धागा होता ना हा?

पनवेलची_मावशी:
भाचा २५ दिवस खोकत होता, सगळे म्हणे थांबेल थांबेल. श्वासनळीत शेंगदाण्याची फोड निघाली! एक दिवस खाताना ठसका लागला होता, ते कोणाच्या लक्षातच नाही. दम लागला, छातीत सुंई सुंई वाजलं, बरगड्यांखाली खड्डा पडला तर मध चाटवत बसू नका.

चिडकी_आई:
हे मान्य. पण मी ताप-दम नसलेल्याचं बोलत होते.

ठाणेकर:
घ्या, शेवटी डॉक्टरकडेच. असो, काल मध दिला पोराला. झोपला. मधाने की दमून, माहीत नाही, उगाच क्रेडिट घेऊ नका.