नाव देण्यापलीकडे : अरुण खेतरपाल
‘मैदानाला नाव दिलं की हुतात्म्याचा वारसा संपतो’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएतलं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिथे भावी लष्करी अधिकारी घडतात) खेतरपाल परेड ग्राउंड बघा. दर सहा महिन्यांनी उत्तीर्ण होणारी तुकडी त्याच मैदानावरून बाहेर पडते, मे २०२५ मध्ये महिला कॅडेट्सची पहिली तुकडीही तिथूनच गेली. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल पुण्यात जन्मले, याच एनडीएत शिकले आणि १६ डिसेंबर १९७१ला भारत-पाक युद्धात २१व्या वर्षी हुतात्मा झाले. लष्करात अधिकारी म्हणून कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झाले होते.

त्यांच्याबद्दल बोलताना सगळा भर त्यांनी फोडलेल्या रणगाड्यांवर आहे. नेतृत्वाचा धडा मात्र त्याआधीच्या निर्णयात आहे. शकरगढ भागातल्या जरपालला पाकिस्तानी चिलखती दलाने प्रतिहल्ला केला, तेव्हा पूना हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटच्या बी स्क्वॉड्रनने वायरलेसवर कुमक मागितली. खेतरपाल ए स्क्वॉड्रनचे. तो संदेश ऐकून ते आपले रणगाडे घेऊन आपणहून निघाले. वाटेत बसंतर नदीपलीकडच्या ठाण्यांवरून मारा झाला, तर ती ठाणी चिरडत पुढे गेले. त्यात त्यांच्या ट्रूपमधल्या (रणगाड्यांच्या छोट्या तुकडीतल्या) एका रणगाड्याचा कमांडर मारला गेला, तरी ते थांबले नाहीत. पुढच्या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांपैकी चार खेतरपालांनी स्वतः फोडले.

स्वतःचा रणगाडा पेटल्यावर बाहेर पडायला सांगितलं गेलं. पण तोफ चालू होती, आणि ती जागा सोडली असती तर शत्रू तिथूनच आत घुसला असता. त्यांचा नकार हा नुसता आवेश नव्हता, त्यामागे हा हिशेब होता. तरुण अधिकाऱ्यांना शिकवायचं ते हेच, आणि ते कुठल्याही पुतळ्यावर कोरता येत नाही.