ट्यूलिपचे कंद ह्यूस्टनमध्ये कधी लावावेत?

प्रश्न (ह्यूस्टन):
न्यू जर्सीत असताना मी दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ट्यूलिपचे कंद लावत असे आणि एप्रिलमध्ये सारा वाफा फुलून येई. गेल्या वर्षी ह्यूस्टनला आल्यावर त्याच सवयीने ऑक्टोबरअखेर ४० कंद लावले. पाने भरपूर आली, परंतु फुले जेमतेम तीन-चार आणि तीही जमिनीलगतच उमलली. माझे दिवस चुकले, की येथे ट्यूलिप होतच नाहीत?

उत्तर (शिकागो):
दिवस चुकले, पण मूळ अडचण थंडीची आहे. कंद आपल्या हाती येतो तेव्हा कळी आत तयारच असते. मात्र दांडा नीट लांबण्यासाठी त्या कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमान लागते. आमच्याकडे ती थंडी जमीनच देते, त्यामुळे आम्ही ऑक्टोबरमध्ये लावतो ते केवळ जमीन गोठण्याआधी मुळे धरावीत म्हणून. ह्यूस्टनची जमीन तेवढी गार होत नाही.

उत्तर (ऑस्टिन):
ती थंडी फ्रिजमध्ये द्यावी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंद कागदी पिशवीत घालून ठेवावेत आणि डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर काढल्याबरोबर सुमारे १५ सेंटिमीटर खोल लावावेत. त्या फ्रिजमध्ये सफरचंदे मुळीच ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. माझे पहिल्या वर्षीचे सगळे कंद असेच वाया गेले.

उत्तर (पुणे):
पुण्यातही हाच मार्ग आहे. डिसेंबरमध्ये पहाटे कितीही गारठा वाटला तरी दुपारच्या उन्हात तो टिकत नाही, म्हणून थंडी दिलेले कंदच महिनाअखेरीस कुंडीत लावावेत. दिल्लीत फेब्रुवारीत दिसणारे ट्यूलिपही अशाच कंदांचे असतात. श्रीनगरला जबरवानच्या पायथ्याशी मात्र हिवाळाच ते काम करतो आणि मार्चअखेरीपासून बाग फुलते. मुंबई-कोकणात हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (मेलबर्न):
दक्षिण गोलार्धातील वाचकांनी महिने उलटे धरावेत. आम्ही एप्रिलअखेर ते मे या काळात लावतो.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. गेल्या वर्षीचे कंद जमिनीतच आहेत. ते काढून फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का?

उत्तर (ऑस्टिन):
नाही. आपल्याकडे उन्हाने पाने लवकर वाळतात आणि कंद पुन्हा पोसला जात नाही, त्यामुळे दर वर्षी नवे कंद आणावे लागतात. दर वर्षी परत येणारेच हवे असतील, तर क्लूसियाना हा छोटा रानट्यूलिप लावून पाहावा. माझ्या वाफ्यात तो फ्रिजशिवाय फुलतो.